सात बहिणी आणि गुणवंतरावांचं हरभऱ्याचं वावर

१ जानेवारी २००४, सकाळ
आजपासून पहाटे पाचला उठणे. (साडेसात झाले. पण उद्यापासून नक्की.)
यंदा नागपूरच्या विद्यार्थी कला-प्रदर्शनात माझं इन्स्टॉलेशन, म्हणजे मांडणशिल्प, लागणार. परीक्षक २६ तारखेला इथे राजुऱ्यात येऊन काम जागेवर बघणार. अब्बांशी बोलणं झालंय. निवड झाली तर चंद्रपूरचं कॉलेज पुढे चालू. नाही झाली तर त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून जन्मभर कूलरचे स्टँड जोडायचे. अब्बा म्हणाले, "फरवरीत सीझन लागते, मले मानूस पाह्यजे." त्यांना दुसरा माणूस शोधावा लागणार. वाईट वाटतं.

४ जानेवारी
विषय सापडला. अम्मीची गोष्ट. सात बहिणी वासरू घेऊन रानात अडकतात, वाघ येतो. बहिणी वासराभोवती हात धरून गोल उभ्या राहतात. वाघ घिरट्या घालून थकतो आणि निघून जातो. अम्मी ही गोष्ट मेथी निवडताना सांगते. एवढी वर्षं सांगतेय, पण तिला त्यात शिल्प दिसलं नाही. मला पाच मिनिटांत दिसलं. गोष्ट लिहून प्रदर्शनाला अर्ज पाठवला.

९ जानेवारी
जागा मिळाली. कोरपना रोडवर गुणवंतरावांचं हरभऱ्याचं वावर. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना पाऊण तास 'स्पेस' समजावली. ते म्हणाले, "धुऱ्यावर ठेव बाबू, पिकात पाय नोको टाकू." बांधावर मांडायचं ठरलं. कलेची जाण उपजत असते.
एकच अडचण. डुकरं येऊ नयेत म्हणून त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, वावराभोवती जुन्या साड्या बांधल्यात. लाल, पिवळ्या, विटलेल्या. माझं बॅकग्राउंड पार बिघडतं. काढा म्हटलं. बाई म्हणाल्या, "काऊन काढू? डुकरं काय तुह्या पुतळ्यायले भेतीन?" वाद घातला नाही, सात बहिणींची गोष्ट तेवढी सांगितली.

१५ जानेवारी
अब्बांच्या भंगारातले पत्रे आणि सळ्या वापरून चार बहिणी उभ्या केल्या. माप घेतलं नाही. माप कारागीर घेतो, कलावंत डोळ्याने मोजतो. दुसरी जरा उंच झाली, तिसरी बसकी. हात एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. खूप विचार केला. बहिणींमधलं अंतर हाच आशय आहे.
चौथीचा हात गळून पडला. अब्बांनी जोडून दिला. जोडणीत भावना नव्हती.

२१ जानेवारी
सळ्या संपल्या. पाचच बहिणी झाल्या. हरकत नाही, अनुपस्थितीच जास्त बोलते. वासरू प्रेक्षकांनी कल्पावं.

२६ जानेवारी, संध्याकाळ
परीक्षक मंजुषा मॅडम आल्या. जीपमधून उतरल्या त्या थेट साड्यांकडे. अख्ख्या वावराला फेरी मारली. एकेक पदर हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, "बायका कुठेच नाहीत, तरी सातही जणी उभ्या आहेत. आणि वासराच्या जागी पीक!" डोळ्यांत पाणी. फोटोचा रोल संपवला. मग माझ्या पाच बहिणींकडे पाहून विचारलं, "हे कूलरचं सामान इथे कोणी टाकलं?"
मी बोलणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, निवड पक्की. मी थँक्यू म्हणालो. थँक्यू म्हणजे होकार नव्हे, शिष्टाचार आहे.

२७ जानेवारी
शांतपणे विचार केला. वावर कुणी निवडलं? मी. साड्यांकडे आधी लक्ष कुणाचं गेलं? माझंच. काढायलाच सांगितलं होतं, पण लक्ष तर गेलं. अब्बांनी दुकानासमोर पेढे वाटले. मी एकच खाल्ला.

३ फेब्रुवारी
साड्या नागपूरला पाठवायचं पत्र आलं. भागीरथाबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "त्या मॅडमले सांगतलं नाई का, साड्या कोनं बांधल्या?" आधुनिक कलेत हा प्रश्न गुंतागुंतीचा असतो म्हटलं. बाई म्हणाल्या, "ने. हरभऱ्याचे घाटे भरून राह्यले. साड्या येईस्तोवर राखन तूच करजो. अन् थे हिरवी माह्या मायची होय, धुवून आनजो."

८ फेब्रुवारी, वावरात
आज नागपूरला उद्घाटन. मी इथे रिकामा डबा वाजवतोय. पाच बहिणी मदतीला आहेत.
पाच वाजता डुकरं आली. भर उजेडात. धुऱ्यालगतचा अर्धा हरभरा उकरला. एक डुक्कर जाता जाता तिसरीला अंग घासून गेलं. भागीरथाबाई धावत आल्या. ओरडल्या नाहीत. "गोष्टीत सात होत्या ना? दोघी कुठी हायेत?" असं विचारलं. अनुपस्थित आहेत, म्हणालो.
"तं डुकरं तिकूनच आले," बाई म्हणाल्या, आणि उरलेला हरभरा सावरायला बसल्या.
लाज वाटली.
घरी येऊन मॅडमना पत्र लिहिलं. 'नावात किरकोळ दुरुस्ती' असं लिहून तीनदा फाडलं. चौथ्यांदा भागीरथाबाईंचं नाव आधी आणि माझं नंतर लिहिलं. मग माझं खोडलं. टपालपेटीत टाकलं.

९ फेब्रुवारी
साडेपाचला उठलो. दुकानात गेलो. अब्बांना पत्राचं सांगितलं. पाचही बहिणी हातगाडीवर घालून आणल्या आणि त्यांच्यापुढे उभ्या केल्या. अजून दोघी करायच्या आहेत म्हटलं, पण हात जुळवायचे कसे?
अब्बांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "पयले माप घेत जाय."