एका पंगतीत

५ जानेवारी १९९७, रविवार

बसले! आज मी पंगतीत बसले!

सुरतेला, उधन्याच्या वाडीत, ह्यांच्या आणि योगिताच्या मधे. पत्रावळी मांडल्या तशी सवयीने उठायला गेले, तर योगिताने पदर ओढला. "मम्मी, बेस ने! इथे गरम काहीच नाहीये." खरंच की! शंभरेक माणसं आणि एकही शेगडी नाही.

ह्यांना दिवाळीनंतर साखर निघाली. गोळ्या चालू आहेत, पण मिलमधल्या भूपेंद्रभाईंनी डोक्यात भरवलं की मगनभाईंच्या रविवारच्या मेळाव्याला या. मगनभाई रिटायर मास्तर आहेत. विस्तवावर चढलेलं काही खायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. मोडाचे मूग, ओलं खोबरं, काकडी, बीट, पालकाची पानं, भिजवलेले शेंगदाणे. मला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. चांगलं लागलं! की बसून खाल्लं म्हणून चांगलं लागलं, देव जाणे.

बावीस वर्षं झाली लग्नाला. घरी मी कधी सगळ्यांबरोबर जेवले नाही. कुणी जाच केला असं नाही — भाकर गरम लागते, एवढंच. तव्यावरून थेट ताटात. ह्यांची, मग सासूबाईंची, मग योगिताची. माझी वेळ येते तेव्हा सगळ्यांचे हात धुऊन झालेले असतात. आज शेजारी बसून पाहिलं, तर लिंबू पिळलेलं काही तोंडात गेलं की हे डोळे मिटतात. लहान पोरासारखे! मला माहीतच नव्हतं.

६ जानेवारी

ठरवलं. रविवारी मेळावा, आणि घरीही संध्याकाळचं जेवण कच्चंच. ह्यांची साखर उतरेल, माझा तवा थंड राहील, आणि आम्ही चौघं एका वेळी बसू. ह्यांनी लगेच मान डोलावली. मी फक्त साखरेचंच बोलले, बाकीचं पोटात ठेवलं.

सासूबाईंनी मुगाची वाटी दूर सारली. "आपण काय ढोरे शेतस का? माले भाकर जोयजे. गरम."

बरं. एका भाकरीने काय होतं?

९ जानेवारी

एका भाकरीने सगळं होतं! सासूबाईंसाठी तवा ठेवला की वास सुटतो. मग योगिता, "मम्मी, मला अर्धीच." मग हे नुसते बघतात. मग "कोर दे जरा, एवढ्याने काय होतंय." म्हणजे भाकरी होत्या तेवढ्याच, वर हे किसणं, चिरणं, भिजवणं, निवडणं. शिजवायचं नाही म्हणजे काम नाही असं वाटणारी मी किती शहाणी! आगीतून फुफाट्यात.

ह्यांचं तर विचारूच नका. मिलमधे रंग कालवायच्या खोलीला कलर किचन म्हणतात, तिथे हे ग्रॅमवर रंग तोलतात. तीच सवय घरी. "गाजर शंभर ग्रॅम घेतलं ना? मोजलंस?" नाही मोजलं! पांडेसऱ्याच्या मिलमधल्या किचनमधे पुरुष उभे राहतात, पगार घेऊन. आमच्या किचनमधे या म्हटलं तर ह्यांचे पाय दुखतात.

आजही शेवटी एकटीच जेवले. मूग उरले होते.

१२ जानेवारी, रविवार

आठ दिवस ह्या रविवारच्या आशेवर काढले होते.

चप्पल काढते तोच मगनभाई समोर. "भाभी, तमारो हाथ बहु झडपी छे!" मागच्या खेपेला मी एक काकडी चिरून दिली होती, तेवढ्यावर! मागच्या पडवीत पाठवलं. तिथे आम्ही सहा बायका, सहा किसण्या आणि गाजरांचं पोतं. पुढे मगनभाईंचं भाषण — अग्नीने अन्न मरतं वगैरे. मी म्हटलं, आधी किसून ठेवते, मग जाऊन बसते. तर त्यांची बायको म्हणाली, नाही, आधी किसलं की काळं पडतं. "ताजुं ज जोईए." पंगत बसली की किसायचं, लगेच वाढायचं.

किसणीवरून थेट पत्रावळीत!

हसू की रडू कळेना. चार पंगती उठल्या. शेवटी आम्ही सहाजणी पडवीतच उभ्याउभ्या जेवलो. खोबरं संपलं होतं. हे रिक्षात म्हणतात कसे, "आज मजा आली, नाही?"

मी रस्त्याकडे बघत बसले. तोंड उघडलं असतं तर रिक्षावाल्याने वाटेतच उतरवलं असतं.

१५ जानेवारी

काल उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. हे पतंग बघायला म्हणून भूपेंद्रभाईंच्या गच्चीवर गेले. परत आले ते लसणीचा वास घेऊन. ह्यांच्या बोटांवरून काही कळत नाही, ती बारा महिने रंगलेलीच असतात. पण लसूण लपत नाही. उंधियू! आणि जिलेबीही असणारच. मी विचारलं तर हसून म्हणतात, "सूरतनुं जमण ने काशीनुं मरण, नशिबात असावं लागतं!"

आणि मी इथे बीट किसून हात लाल करून बसलेली.

१६ जानेवारी

भांडलो. चांगलेच. शेवटी माझ्या तोंडून निघालंच — मला तुमच्या साखरेची काळजी आहेच, पण मला तुमच्याबरोबर बसून जेवायचंय.  हे म्हणाले, "मग बस ना. तुला कोणी अडवलंय?"

कोणी अडवलंय!

खरंच कोणी नाही अडवलं. तेच तर. कुणाचा हात धरून सांगू, ह्याने अडवलं म्हणून?

दुपारी सासूबाई डाळ निवडत होत्या. भांडण त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता लेकाची बाजू घेणार. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुन्हा सासरा पहिला घास कसाना ले, माले आजलगून माहीत नही. मन्ही पाठ ऱ्हाये त्यानाकडे." मग खडा काढून फेकला आणि विचारलं, रात्री भाकर बाजरीनी का ज्वारीनी?

एवढं बोलून वर भाकर! अश्शी चिडले. ज्वारीची टाकली.

१९ जानेवारी, रविवार

आज मुद्दाम उशिरा गेले. सरळ पंगतीत, योगिताजवळ, मांडी घालून. उठायचं नाही म्हणजे नाही.

मगनभाईंची बायको दारातून खुणावत होती. मी पत्रावळीकडे बघत बसले. मग मगनभाई स्वतः आले, "भाभी, तमारा विना तो गाजर रही जशे!" सगळे हसले. मीही दात दाखवले, पण उठले नाही. तेव्हा हे कानाशी म्हणाले, "जा ना. लोक थांबलेत."

उठले. ह्यांनी सांगितलं म्हणून नव्हे — शंभर माणसं माझ्याकडे बघत होती म्हणून.

रागाने किसत होते. गाजर संपलं ते लक्षात आलं नाही, अंगठाच किसणीवर गेला. मांस दिसेपर्यंत. रक्त बघून मगनभाई आधी काय म्हणाले? "पेलुं गाजर फेंकी दो!" गाजराची काळजी.

ही ओळसुद्धा कशीबशी लिहितेय.

२० जानेवारी

डॉक्टरांनी पट्टी बांधली. आठ दिवस पाणी लावायचं नाही, पीठ मळायचं नाही. योगिताने भाकर टाकली, एक खालून जळली, एक वरून कच्ची. हे म्हणाले, "चला, ही कच्ची तरी मगनभाईंना चालेल." कुणी हसलं नाही. शेवटी पाव आणला. सासूबाई पाव चहात बुडवून खात होत्या. मला बोल लावतील वाटलं, नाही लावला.

२१ जानेवारी

ह्यांचा रिपोर्ट आला. साखर उतरली! उपाशीपोटीची पण, जेवणानंतरची पण. डॉक्टर म्हणाले गोळी चालू ठेवा, आहार असाच सांभाळा. मला रडूच आलं, एवढं बरं वाटलं.

आणि हे फोनवर भूपेंद्रभाईंना — "सगळी मगनभाईंची कृपा!"

मूग कोण भिजवत होतं? मगनभाई? जाऊ दे. साखर उतरली ना.

२२ जानेवारी

आज संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टोचा आवाज. बघते तर सासूबाईंनी रॉकेलचा स्टो खाली फरशीवर घेतलेला, समोर परात, आणि भाकर थापतायत. गुडघ्यांमुळे सहा वर्षांत त्या विस्तवापाशी बसल्या नव्हत्या. मी धावले, आत्याबाई, हे काय!

"तू बठ तथा. त्याना जोडे. मी टाकस." आणि पिठाच्या हाताने मला ढकललं.

बसले. ह्यांच्या शेजारी, घरात, बावीस वर्षांनी. भाकर आली ती टम्म फुगलेली, हाताला चटका देणारी, फोडली तर आतून वाफ. वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. अशी भाकर मी हजारो वेळा केली, खाल्ली कधीच नव्हती. पहिला घास घेतला आणि माझेच डोळे मिटले. हे बघत होते. "काय गं?" म्हणाले, आणि आपल्या ताटातलं लिंबू माझ्या ताटात पिळलं. योगिता काहीतरी सांगत होती, आम्ही तिघं हसत होतो. असंच पाहिजे होतं मला. अगदी असंच.

भाकर संपली. मी ताटातून मान वर न करता म्हणाले, "आत्याबाई, आणखी एक."

२३ जानेवारी

काल वाढलेली ती दुसरी भाकर मला संपवता आली नाही. मान वर केली तेव्हा स्टोपाशी बसलेल्या सासूबाईंची पाठ दिसली.