बाबांची कोरडी गोळी

हार्लन क्रीक, इंडियाना
रविवार, ता. १९ सप्टेंबर १९९३

प्रिय रॉयस,

अनेक आशीर्वाद. तुला फोन केला की ते यंत्र बोलतं, आणि यंत्रापुढे भाषण करायची मला सवय नाही. म्हणून कागद घेतला. पत्र लांबेल. तू वाचताना मधली पानं गाळतोस हे मला माहीत आहे. या वेळी गाळू नकोस.

इकडे सगळं ठीक. माझ्या बसला नवा मार्ग मिळालाय, खाणीच्या रस्त्यावरून. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर मारामारी झाली. मी बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि विणकाम काढून बसले. सगळे आपापल्या जागी गेले, मग मी बस काढली. शाळेला उशीर झाला म्हणून मुख्याध्यापकांचा फोन आला. मी म्हटलं, पोरं पोचली ना, मग झालं तर.

आईच्या पर्सिमनच्या झाडाला यंदा फांद्या वाकतील एवढी फळं आहेत. पिकून खाली पडायला लागलीत. रोज बादली घेऊन जाते आणि रोज खारींशी भांडून परत येते. आई गेली तरी पुडिंग मी तिच्याच हिशोबाने करते, साखर जरा कमी. बाबांचा दोस्त क्लेम म्हणतो आईच्या हाताची सर नाही. असं म्हणत तीन वाट्या खातो.

बाबा बरे आहेत. ट्रक सध्या मीच चालवते. मार्चमध्ये आपली टपालपेटी ट्रकखाली आली, पण ती तशीही गंजलीच होती.

बाबांचा नेमबाजीचा क्लबही जोरात आहे. मिसेस टॅकेट म्हणून एक बाई नव्याने येतात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. नवऱ्याचं जुनं टोपीचं रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या आणि चाकाच्या प्रत्येक कप्प्यात आधी बंदुकीची दारू, वर शिशाची गोळी, मागे ठिणगीची टोपी, हे सगळ्यांआधी शिकल्या. बाईंना चुकांची लाज म्हणून नाही. एकदा गोळ्या ठासल्या आणि दारू भरली की नाही तेच आठवेना. सरळ हात वर, आणि प्रार्थनेच्या आवाजात म्हणाल्या, "मला खात्री नाही." बार काढायला उभी असलेली सगळी रेषा थांबली. मी जाऊन शेजारी उभी राहिले, तेव्हाच त्यांनी हात खाली घेतला. त्या संध्याकाळी पुडिंगची पहिली वाटी त्यांची. आता मला शंका येते की बाई वाटीसाठी मुद्दाम चुकतात.

बाबांचा नियम अजून तोच आहे, शब्दही तेच. चूक झाली की हात वर, चूक मोठ्याने सांगायची, आणि कुणीतरी येऊन शेजारी उभं राहीपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. हसायचं ते जेवताना. ज्याने हात वर केला त्याला पहिली वाटी. हे सगळं तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आता मुद्द्यावर येते.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी रेषा सांभाळत होते. बाबा नेहमीच्या जागी, डाव्या टोकाला. सगळ्यांचे बार चालू होते, धूर नुसता कोंडला होता. बाबांनी चाप ओढला आणि नुसतं 'फट्' झालं. टोपी उडाली. हाताला झटका नाही, धूर नाही. कोरडी गोळी. कप्प्यात दारूच नाही आणि वर शिशाची गोळी ठासलेली. तू आणि मी हा आवाज झोपेतही ओळखू.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. आता वर जाईल, मग जाईल. हात वर गेला नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली घेतलं, शेजारच्या क्लेमला म्हणाले, टोपी ओली निघाली वाटतं, आणि पेटीत ठेवायला वळले.

रॉयस, अडकलेल्या गोळीमागून दुसरा बार झाला तर काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नकोच.

मी सगळ्यांना थांबवलं. कारण सांगितलं नाही. बाबांकडे गेले आणि हात पुढे केला. त्यांनी मला रिव्हॉल्व्हर दिलं. मी नळी मातीच्या बांधाकडे धरून ठेवली, बार उशिरा उडतो की काय म्हणून वाट पाहिली, आणि मग पहिलं काम पहिलं, सगळ्या टोप्या काढल्या. कप्प्यांचं चाक फिरेना. टोपीच्या जोरावर गोळी अर्धी पुढे सरकून चाक आणि नळीच्या मध्ये अडकली होती. नळीतून पितळी गज घालून ती हळूहळू मागे ठोकली, तेव्हा चाक सुटलं. चाक काढून टेबलावर घेतलं, प्रत्येक टोपीखालचा खुंटा पान्याने सोडवून मागून आत पाहिलं. ज्यांत दारू होती ते कप्पे आधी पाण्याने भिजवले, मगच त्यांना हात लावला.  हे सगळं बाबांनीच शिकवलेलं.

एक कप्पा कोरडा असता तर मी म्हटलं असतं, माणूस आहे, चुकतो. पण आणखी एक कोरडा निघाला. आणि एकात एवढी दारू की गोळी काठोकाठ आलेली. सवयीने ओतत होते. कुठे पडतेय ते त्यांना कळत नव्हतं.

सगळे कॉफीला गेल्यावर मी रिकामं, धुतलेलं चाक त्यांच्यासमोर धरलं. त्यांचंच वाक्य त्यांना म्हटलं, गोळी ठेवायच्या आधी प्रत्येक कप्प्यात डोळ्यांनी बघायचं. मग विचारलं, "बाबा, बघा. आत काय आहे?"

त्यांनी मान जराशी तिरकी केली. बराच वेळ बघितलं.

"दारू आहे," ते म्हणाले.

मी चाक त्यांच्या तळहातावर उपडं केलं. काहीच पडलं नाही. त्यांनी बोटाने एकेक कप्पा चाचपला, सगळे, आणि खाली बसले. ती टपालपेटी गंजली म्हणून पडली नव्हती. वर्षभर बाबा माझ्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी कानाकडे बघून बोलतात, आणि मी समजत होते की माझ्यावर चिडलेत. नंतर त्यांना डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या उरल्यात. चष्म्याचा उपयोग नाही. आंधळे होणार नाहीत, पण समोरचं दिसणार नाही.

तुला वाटेल आता ताई मला सांगणार की बघ, बिचारे बाबा, विसरून जा सगळं. मी तसं काही सांगणार नाही. मीही तिथे होते. तू एकोणीस वर्षांचा होतास, तुझी टोपी फट् झाली, गोळी नळीत अडकली, आणि तू गुपचूप रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलंस. क्लेमने तेच उसनं घेतलं, भरलं आणि चाप ओढला. नळी फाटली, त्याच्या बोटाचं पेर गेलं. चूक तुझी होती. पण सगळ्या क्लबसमोर बाबा जे बोलले, की लपवणारा माझा मुलगा नाही आणि तो माझ्या रेषेवर पुन्हा उभा राहणार नाही, ते कुठल्याच नियमात नव्हतं. ते मला तेव्हाही पटलं नाही, अकरा वर्षांत एकदाही पटलं नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. क्लेमचं विचारशील तर तो त्या बोटाने पोरांना घाबरवतो आणि दर नाताळला तुझा पत्ता मागतो.

त्या शनिवारनंतर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. क्लबला मी काही सांगितलं नाही. सांगायचं तर त्यांनी सांगायचं. माझी अट एकच होती, रिव्हॉल्व्हरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे. त्यांनी ती टेबलावर आपटली, पण दिली.

काल क्लबचं जेवण होतं. घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, सगळं नेहमीचं. मिसेस टॅकेट हवामानाबद्दल बोलत होत्या. बाबा समोरच्या बाकावर, ताटाला हात न लावता बसले होते. आणि एकदम त्यांनी हात वर केला.

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे हात वर गेला की सगळे थांबतात. जेवण असो नाहीतर काही असो. चमचे थांबले. क्लेमचा घास तोंडाशी होता, तो तसाच राहिला.

बाबा उभे राहिले. आवाज रेषेवरचाच, खणखणीत. म्हणाले, "ऑगस्टमध्ये मी कोरडी गोळी मारली आणि लपवली. मला कप्प्यातलं दिसत नाही. वर्ष झालं, दिसत नाही."

हात वरच होता. त्यांचं संपलं नव्हतं.

"माझ्या मुलाने हेच केलं तेव्हा मी त्याला हाकललं. मला वाटायचं तो भित्रा आहे. तो मला भीत होता. मला हे स्वतः लपवल्यावर कळलं. रेषा त्याला मोकळी आहे. मोकळीच असायला हवी होती."

क्लेम आधी उठला. टेबलाला वळसा घालून येऊन बाबांच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "व्हर्लिन, घे आता हात खाली." बाबांनी मान हलवली. हात तसाच. क्लेम थोडा वेळ उभा राहिला, मग त्याला कळलं बाबा कुणाची वाट बघतायत, आणि तो त्यांच्याशेजारी बाकावर बसला. मला रडू आलं. मी पुडिंग वाढायच्या निमित्ताने आत गेले, आणि आत भांडी घासून आले.

शेवटी दंड भरून आला तेव्हा बाबांनी हात टेकवला. पहिली वाटी मी त्यांच्यापुढे ठेवली, नियम म्हणून. त्यांनी ती खाल्ली नाही. घरी आणली, झाकली, फ्रीजरमध्ये ठेवली, आणि मला बजावलं की तिला हात लावायचा नाही. क्लेमलासुद्धा नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी वार्षिक मेळावा आहे. बाबा बार काढणार नाहीत, ते त्यांनीच ठरवलं. फक्त रेषेच्या मागे खुर्ची टाकून बसणार आणि आवाजावरून सगळ्यांच्या चुका काढणार. देव वाचवो सगळ्यांना. तू येशील की नाही ते मी विचारत नाही. मी बस चालवते, दार उघडते, चढायचं ते ज्याने त्याने. पण तुझी खोली झाडली आहे, आणि डुलुथवरून येणारी गाडी लुईव्हिलला कधी पोचते ते मी विचारून ठेवलंय.

खालची ओळ बाबांनी स्वतः लिहिली आहे. मी लिहून देते म्हटलं तर ऐकेनात. ओळ तिरकी गेलीय आणि शेवटचे शब्द माझ्या सहीवर चढलेत. वाचता येईल.

तुझी ताई,
नोर्मा

रॉयस, माझा हात वर आहे.
— बाबा