बाहुलीने मारलेल्या बाईचे शोकपत्रक दारावर राहू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
स्वच्छता व सार्वजनिक सुव्यवस्था विभाग,
नगरपालिका, स्तारो क्लेनोवो.

अर्जदार: वेलिन ताबाकोव, निवृत्त वृत्तसंपादक, जुनी विहीर रस्ता, घर क्र. ९.

विषय: चित्रपटातील मृत व्यक्ती इरिना वोल्कोव यांचे शोकपत्रक माझ्या दारावर कायम ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या विभागाची दि. ८ जुलैची नोटीस.

महोदया,

आपल्या नोटिशीत दोन गोष्टी आहेत. दारावर राहिलेला "चित्रपटाचा कागद" मी महिनाअखेरपर्यंत काढावा, नाहीतर आपले कर्मचारी येऊन काढतील, ही पहिली. खिडकीतली बाहुली हलवावी, कारण समोरून तक्रार आहे, ही दुसरी. पहिल्या गोष्टीला माझी हरकत आहे. दुसरीला नव्हती, पण आता तिच्याबद्दलही थोडे लिहावे लागेल. वस्तुस्थिती घडली त्या क्रमाने देतो.

१. पाच वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीने आमच्या रस्त्यावर माणसे मारणाऱ्या बाहुलीचा चित्रपट काढला. त्यांना फाटकाशी बसलेली एक म्हातारी हवी होती. माझी पत्नी देस्पिना त्या वेळी फाटकाशी बसून शेंगा सोलत होती, त्यामुळे निवडीला वेळ लागला नाही. चित्रपटात तिचे नाव इरिना वोल्कोव. आमच्याकडे बाईचे आडनाव असे नसते, शेवटी "वा" येतो, हे मी तिथल्या तिथे सांगितले. "तिकडं कोण वाचतंय, काका!" असे उत्तर मिळाले. बाहुली येऊन तिच्या मांडीवर बसते, ती बाहुलीची वेणी नीट करते आणि मरते. पडद्यावर हे सगळे मिनिटभरात उरकते.

चित्रीकरणाला मात्र अख्खी सकाळ गेली, कारण देस्पिनाला किंचाळता येईना. दर वेळी बाहुलीचा एक डोळा अर्धवट मिटून अडकायचा आणि हिला हसू फुटायचे. "अगं बाई, हिला तर मोतीबिंदू झालाय! ही मला काय मारणार, मीच हिला हात धरून रस्ता ओलांडून देते," असे ती दिग्दर्शकाला म्हणाली. कुणीतरी ते त्याच्या भाषेत सांगितल्यावर तोही हसला. शेवटी किंचाळी राजधानी सोफियातल्या एका नटीकडून घेतली. या गोंधळात कंपनीच्या फोटोग्राफरने देस्पिनाचा हसतानाचा एक फोटो काढला. तो आम्हाला कधी मिळाला नाही, आम्हीही मागितला नाही.

२. देस्पिना यंदा ११ फेब्रुवारीला वारली. आम्हाला मूल नाही. चाळिसाव्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे दारावर तिचे शोकपत्रक लावले. त्यावरचा फोटो ओळखपत्रातला होता, कारण फोटो काढायचा म्हटले की ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची आणि घरातले सगळे फोटो तसेच आहेत. आमच्या दैनिकात शोकपत्रकांचे पान माझ्या हाताखालून जात असे. गावातल्या निम्म्या मृतांचा मजकूर मी तपासलेला आहे. तिच्यासाठी नाव, दोन तारखा आणि खाली "पतीकडून" एवढेच लिहिले.

त्या दिवशी उकडलेले गहू साखर घालून वाटायला ठेवले होते. पाचजण आले. आमच्या रस्त्यावर बहुतेक फाटकांना कुलपे आहेत आणि कुलपांवर शोकपत्रके आहेत, त्यामुळे पाच ही संख्या कमी नव्हे. उरलेले गहू मी आठवडाभर खाल्ले.

३. मे महिन्यात कंपनी दुसरा भाग काढायला परत आली. गोष्ट अशी, की पाच वर्षांनी बाहुली त्याच रस्त्यावर येते. सजावटीचे काम पाहणारा ओग्न्यान आपल्याकडचाच मुलगा. त्याने परदेशी मंडळींना सांगितले की इथे माणूस गेल्याला पाच वर्षे झाली की दारावर नवे शोकपत्रक लागते, ते नसले तर इथला प्रेक्षक हसेल. त्यांना ही कल्पना फारच आवडली. पहिल्या भागात बाहुलीने मारलेल्या सर्वांची पत्रके छापली गेली. ती उन्हापावसातली वाटावीत म्हणून ओग्न्यानने चहात बुडवली, गच्चीवर वाळवली, कोपरे नखाने फाडले.

खळ आणि ब्रश घेऊन तो माझ्या फाटकाशी आला तेव्हा त्याला दुखवट्याची काळी फीत दिसली आणि खरे पत्रक दिसले. देस्पिना गेल्याचे त्याला माहीत नव्हते. त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "वेलिनकाका, आईशप्पथ, मला कुणी बोललंच नाही हो. राहू दे, मी दुसरं दार बघतो." मी त्याच्या हातातला कागद पाहिला. त्यावर तो फोटो होता. देस्पिना तोंड उघडून हसत होती, वरचा मोडका दातसुद्धा दिसत होता. मी म्हणालो, "पटकथेत आहे ना? मग लाव. कामाचा खोळंबा नको." पत्रक त्यानेच लावले. ब्रश मी धरला होता.

४. चित्रीकरण संपल्यावर आपल्या विभागाने रस्त्यावरचे चित्रपटाचे कागद खरवडून काढले. माझ्या दारावर तेव्हा दोन पत्रके होती. एक मार्चमध्ये लावलेले, कोरे करकरीत, प्लास्टिकच्या पाकिटात. दुसरे पिवळे, कुरतडलेले, पाच वर्षांचे. कर्मचाऱ्याने नवे काढले आणि जुने ठेवले. मी बाजारातून आलो तेव्हा तो बादली उचलत होता. म्हणाला, "आजोबा, दहा वर्षं हेच काम करतोय. खोटा कागद मला लांबून ओळखू येतो." त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केले असते. खऱ्या पत्रकाचा एक तुकडा बादलीतून मिळाला, तो सोबत जोडला आहे.

मी दुसऱ्याच दिवशी खरे पत्रक पुन्हा छापून लावायला हवे होते. लावले नाही. त्याचे कारण पुढील परिच्छेदात आहे.

५. जूनपासून माझ्या दाराशी माणसे येऊ लागली. पहिल्या चित्रपटाचे चाहते पुष्कळ आहेत, याची मला कल्पना नव्हती. कुणीतरी दाराचा फोटो इंटरनेटवर टाकला असावा. प्लोव्दिवहून येतात, रुसेहून येतात, एक नवराबायको पोलंडमधून आले होते. बहुतेकजण तरुण आणि काळ्या कपड्यांतले, पण फाटक उघडण्यापूर्वी विचारणारे. प्लोव्दिवची एक मुलगी आली, तिच्या दंडावर बाहुली गोंदलेली. तिने विचारले, "आजोबा, खरंच इथंच? ह्याच पायरीवर?" मी हो म्हणालो. "आणि आजी खरंच तसं किंचाळल्या?" तेव्हा मी तिला मोतीबिंदूची गोष्ट सांगितली. ती पायरीवर बसून हसली. तिच्याबरोबरच्या मुलाने विचारले, "भारीच होत्या की! आता कुठं असतात?" मी टेकडीकडे बोट केले. तिथे आपली दफनभूमी आहे. मग ती मुलगी उठली आणि खिडकीतल्या बाहुलीला मूठ दाखवून म्हणाली, "थांब भवाने, तुला बघते."

मी आत जाऊन त्यांना कॉफी आणि बिस्किटे आणून दिली. मृतासाठी दिलेली वस्तू घेताना जे म्हणायचे असते, "देव त्यांना क्षमा करो", ते दोघांनीही म्हटले. त्यांच्या मनात इरिना वोल्कोव होती, हे मला माहीत आहे. नाव चुकीचे असले तरी पोचते, असे मी धरतो.

गेल्या पाच महिन्यांत देस्पिना कशी होती, हे मला याच लोकांनी विचारले. इतर कोणी विचारले नाही. ओळखीच्यांना ती कशी होती हे माहीतच आहे, म्हणून विचारत नसावेत.

६. बाहुलीबाबत. ती कंपनीची आहे. चित्रपटाचे शेवटचे दृश्य माझ्या खिडकीचे असून, त्यातला काही भाग पुन्हा घ्यायचा म्हणून ते लोक ती तिथेच ठेवून गेले. आता सोफियातल्या कार्यालयात फोन कोणी उचलत नाही. ही नुसती बसवायची बाहुली आहे. तिच्यात यंत्र नाही, कोणाला इजा करण्याची सोय नाही.

तक्रार समोरच्या श्रीमती ग्रोझदा इल्कोवा यांची. "अहो वेलिन, ती बया माझ्याकडंच बघत बसते. पडदा ओढला तर पडद्यातून बघते. तुमचा सिनेमा झाला, माझा जीव जातोय!" असे त्या रस्त्यावरून ओरडून सांगतात, म्हणून मला शब्दशः माहीत आहे. आपली नोटीस मिळताच मी बाहुली उचलून आत स्वयंपाकघरात, देस्पिनाच्या खुर्चीवर ठेवली. दुसरी जागा नव्हती. दोन दिवसांनी श्रीमती इल्कोवा स्वतः फाटकाशी आल्या. फेब्रुवारीनंतर त्या प्रथमच रस्ता ओलांडून आल्या. म्हणाल्या, "काय हो, बरं आहे ना सगळं? खिडकी रिकामी दिसली. मला वाटलं, हे घरही बंद झालं." मी म्हणालो, तुमचीच तक्रार होती. त्यावर, "तक्रार आहेच! ती मी मागे घेणार नाही. पण बसू दे तिला तिथं, तोंड जरा तिकडं वळवा म्हणजे झालं." त्या तक्रार मागे घेत नाहीत आणि बाहुली परत हवी म्हणतात. दोन्ही निवेदने मी जशी मिळाली तशी देत आहे. बाहुली सध्या खिडकीत आहे, तोंड घरात.

७. मूळ विनंतीकडे येतो. त्या फोटोची प्रत माझ्याकडे आहे, मी दारावरूनच मोबाइलवर काढून घेतली. त्यामुळे कागद जपून ठेवा, ही माझी मागणी नाही. कपाटातल्या कागदाशी कोणी थांबत नाही. तो दारावर राहावा, एवढीच मागणी आहे. ११ ऑगस्टला देस्पिनाचे सहा महिन्यांचे खरे पत्रक लागेल, ते शेजारीच लावीन. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात जी काळी रेघ दिसते ती बाहुलीची वेणी आहे. कर्मचाऱ्यांनी ती मळ समजून पुसू नये.

आपल्या कार्यालयात मी तोंडी चौकशी केली. खिडकीवरच्या बाईंनी नियम दाखवला: मृताच्या जवळच्या नातेवाईकाचा अर्ज असेल तरच शोकपत्रक दारावर ठेवता येते. "आता सिनेमातल्या बाईचे वारस कुठून आणणार, आजोबा? बाहुलीची सही आणा!" असे त्या म्हणाल्या आणि मागचे टेबलही हसले. नियम योग्य आहे. पटकथा मी वाचली आहे. इरिना वोल्कोव यांना एक बहीण आणि एक नातू होता, ते दोघे पहिल्या भागातच मारले गेले. त्यानंतर त्यांचे कोणी उरल्याचा उल्लेख नाही. म्हणजे त्यांच्यासाठी अर्ज करणारे दुसरे कोणी नाही. तो मी करत आहे.

सोबत:
– आपल्या नोटिशीची प्रत.
– देस्पिना ताबाकोवा यांचा मृत्यूचा दाखला.
– इरिना वोल्कोव यांचा दाखला उपलब्ध नाही. त्याऐवजी पटकथेचे संबंधित पान.
– खऱ्या शोकपत्रकाचा तुकडा (पाहून परत मिळावा).

उत्तर टपालाने न पाठवता कोणाच्या तरी हाती पाठवल्यास बरे होईल. मी घरीच असतो.

दि. १९ जुलै २०२४

वेलिन ताबाकोव
(सही)

मृत व्यक्ती: इरिना वोल्कोव
अर्जदाराचे मृताशी नाते: पती