हाताओरीला दिलेलं मत

तोक्यो,
७ जानेवारी

प्रिय हिसाशी,
अनेक आशीर्वाद.

तू उराकावाहून निघालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही निघाले. आईने तुझ्या वाटच्या वाळवलेल्या शैवालाचं पुडकं माझ्याच गळ्यात बांधलंय, ते वेगळं पाठवते. यंदा समुद्राने हात आखडता घेतला म्हणाली, पण हिचा हात काही आखडत नाही. तिचा गुडघा पुन्हा दुखतोय. हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं. तर सांगितलं.

हे पत्र मुद्दाम जलद टपालाने पाठवतेय. उद्या वर्षातल्या सर्वोत्तम घोड्याचं नाव जाहीर होईल, आणि लगेच मत देणाऱ्या आम्हा सगळ्या पत्रकारांची नावंही छापून येतील. कोणी कोणाला मत दिलं आणि का दिलं, सगळं. दुसऱ्या कोणी ते तुझ्या नाकासमोर धरण्याआधी मीच सांगते. मी तुझ्या कुरोइवाला मत दिलं नाही. हाताओरीला दिलं.

चिडलास? चीड. पण वाचायचं थांबू नकोस.

माझ्या मताने काही बिघडणार नाही. निवड कुरोइवाचीच होईल. पैज लावायची असती तर मीही त्याच्यावरच लावली असती. आमचे संपादक कुसाकासाहेब तर मला म्हणाले, "शिगेमीबाई, भावाच्या घोड्याला मत दिलंत तर लोक वशिला म्हणतील, नाही दिलंत तर ढोंग म्हणतील. कोरी मतपत्रिका पाठवा आणि मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, "इतकी वर्षं वाट पाहून मिळालेलं मत कोरं पाठवायला मी काय वेडी आहे?"

आईचं तर तू ऐकलंसच. नववर्षाच्या सकाळी, सूप वाढता वाढता. "मत कोणाला, हे काय विचारायचं? घरचा घोडा असताना बाहेरची घोडी कोण बघतं?" तू म्हणालास, "आई, घोडा मालकाचा. आपली फक्त त्याच्या पाठीवरची जागा." तर म्हणते, "मग ती जागा तरी घरचीच ना!" तू खो खो हसलास. मी तोंडात सुपातली तांदळाची चिकट मोची कोंबली आणि गप्प बसले. त्या वेळी माझं मत द्यायचं राहिलं होतं.

पेपरात माझं कारण छापून येईल ते असं: हाताओरीने चारही मोठ्या शर्यतींत नरांशी टक्कर दिली. घोड्यांचे गुण पौंडांत ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीत कुरोइवा तिच्यापेक्षा तीन पौंडांनी वर दिसतो. पण माद्यांना पाठीवरच्या वजनात सवलत असते, म्हणून मादीच्या आकड्यात ते चार पौंड मिळवून बघायचे असतात, आणि ते मिळवले की ती पुढे जाते. हे तुला मी शिकवायला नको. बेरीज तुलाही येते.

हे कारण खोटं नाही. पण एवढंच असतं तर दोघांत उजवं-डावं करणं कठीण होतं, आणि मी आईचंच ऐकलं असतं.

नोव्हेंबरातली शर्यत मी पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटच्या सरळ रस्त्यावर तू पुढे होतास. हाताओरीचा जॉकी ओनोदेरा तिला घेऊन आतल्या कठड्याकडून, तुझ्या डाव्या अंगाने आला. वाट मोकळी होती. तेवढ्यात कुरोइवा आत सरकत गेला आणि ओनोदेराला लगाम खेचून रिकिबीत उभं राहावं लागलं. तरीही ती घोडी तुझ्या मागे जेमतेम मानभर राहिली. चौकशी झाली, निकाल कायम राहिला, तुला थोडे दिवस घरी बसवलं. नियमात बसलं. ओनोदेरा तुझ्याच तबेल्यात लहानाचा मोठा झालेला, तो काही बोलला नाही. तू म्हणालास, घोडा दमला होता, कलला. मी ते तसंच्या तसं छापलं, कारण मला ते खरं वाटलं होतं.

मग आपण घरी भेटलो.

हिसाशी, आईला साके ओतताना तू वाटीच्या बाजूला ओतलीस. आई म्हणाली, "चढली वाटतं!" तू पुसून टाकलंस. मी डावीकडून हाक मारली, तर तू मान नाही, अख्खं अंग वळवलंस. आणि मी बूट काढत दारात उभी असताना तू कॅलेंडरसमोर उभा होतास. उजव्या डोळ्यावर हात ठेवून आकडे वाचत होतास. मोठ्याने वाचत होतास, आणि चुकत होतास. मी मुद्दाम दार वाजवलं, मग तू हात खाली घेतलास.

उन्हाळ्यात पडलास तेव्हा कानशिलाला टाप लागली होती. नुसता मुका मार आहे म्हणालास.

तू ओनोदेराची वाट अडवली नाहीस. तुला तो दिसलाच नाही. अशी जिंकलेली शर्यत धरून कुरोइवाला वर्षाचा मान मी कसा देऊ? म्हणून हाताओरी. हे मी कुठेही लिहिलेलं नाही, कोणाला बोललेही नाही. पण वसंतात पुन्हा अठरा घोडे एकत्र सुटतील. त्यांत कोणीतरी तुझ्या डावीकडे असेलच.

मला उत्तर नको. डॉक्टरकडे जा.

तुझी,
ताई


रित्तो,
३१ जानेवारी

ताई,
नमस्कार.

पत्र मिळालं त्या दिवशी फोन केला नाही, कारण शिव्याच दिल्या असत्या. थोड्या मनातल्या मनात दिल्या. निकाल तर तुला ठाऊकच आहे. कुरोइवाला भरघोस मतं पडली, आणि माझ्या मित्रांनी तुझं नाव शोधून त्यावर लाल रेघ मारून पेपर माझ्या कपाटाला चिकटवला. आईचा फोन आला. "एवढी मतं पडली, मग ते एक कशाला मोजत बसतोस? चुकली असेल पोरगी. तिला जेवायला बोलाव."

गौरव समारंभाला तू आली नाहीस. कुसाकासाहेब म्हणाले, ताप आहे. असेल.

मालक, ट्रेनर, मी, घोड्याची निगा राखणारे, ज्यांच्याकडे तो जन्मला ते म्हातारं जोडपं, सगळ्यांना मंचावर बोलावलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मागच्या पडद्यावर नोव्हेंबरची शर्यत दाखवत होते. मी तिकडे पाठ करून उभा होतो.

सर्वोत्तम घोडीचा मान हाताओरीला मिळाला म्हणून ओनोदेराही आला होता. जेवणाच्या वेळी मी कोणाशी तरी बोलत होतो, वळलो, आणि माझं कोपर कशावर तरी आदळलं. तो बिअरचे दोन ग्लास घेऊन आला होता, एक माझ्यासाठी. सगळी त्याच्या नव्या सुटावर. मी माफी मागत होतो, आणि तो रुमालाने पुसत हळूच म्हणाला, "दादा, मी पुन्हा डावीकडूनच आलो की काय?"

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून. मी ओरडलो, तर तुम्ही पूर्ण वळेपर्यंत घोडा आत येतच राहिला. जाणूनबुजून आत येणारा माणूस असा बघत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. तोवर मी तुमच्या डावीकडे घोडा नेत नाही. बाकीच्यांना मात्र हे ठाऊक नाही, दादा."

तो रागावून बोलला असता तर मी भांडलो असतो. तो पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिझोगुची ट्रेनरांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. मग म्हणाले, "बस. चहा घे. आता हे कुरोइवाला कोण सांगणार?" म्हातारा रडेल की काय असं वाटलं, म्हणून मी चहा घटाघटा प्यायलो आणि तोंड भाजून घेतलं.

डॉक्टरांचं म्हणणं, डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटलाय. लगेच आलो असतो तर गोष्ट वेगळी होती. शस्त्रक्रियेने आहे तेवढी नजर टिकेल. वाचता येईल, गाडी कदाचित चालवता येईल. शर्यत नाही. परवाना मी काल परत केला.

वसंतात कुरोइवावर कोण बसेल ते मालक ठरवतील. मी ओनोदेराचं नाव सुचवलंय. उपकार म्हणून नव्हे, त्या घोड्याला तसाच हलका हात लागतो म्हणून. सकाळच्या सरावाला मी कठड्याजवळ उभा असतो. कुरोइवा माझ्याकडे बघतो, मग खोगीर दुसराच कोणी आणतो तेव्हा कान मागे पाडतो. होईल सवय. त्याला माझ्याआधी होईल.

तुझ्या मताबद्दल मी अजून रागावलेलो आहे, हे लिहून ठेवतो. ओनोदेराला वाट मिळाली असती तरी कुरोइवा जिंकलाच असता असं मी मानतो. तू मानत नाहीस. यावर भांडायचं तर समोरासमोर, आणि सगळी चित्रफीत लावून.

आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस. शस्त्रक्रिया झाली की मी उराकावाला जाईन, तिच्या डाव्या बाजूला, ती मला दिसेल असा बसेन आणि सांगेन. ती आधी गुडघ्याबद्दल काहीतरी बोलेल, मग गप्प होईल. तेव्हा तूही तिथे असलीस तर बरं.

रजा काढायची भानगड नको. मला आता तुझ्या सुटीचा कोणताही दिवस चालतो.

शर्यती असल्या तरी यापुढे दर रविवारी घरीच असणारा,
हिसाशी