रेखाचा मुराळी

शनिवार, १२ जुलै. दुपारी ४ वा. १० मि.

गिरणीचा पट्टा बदलत बसलो आहे. लाईट नाही, म्हणून लिहितो.

काल रेखाला घेऊन तिच्या मामाच्या गावी जाऊन आलो. सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या काठाला. गावाचं नाव लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागली तर.

रेखा पाच वर्षांची असताना ऊसतोडीवर तिचे आई-वडील गेले. ट्रॅक्टर उलटला. मग परभणीचं वसतिगृह. उन्हाळ्यात आमच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी तिथले वॉचमनकाका उभे राहिले. खरा मामा आहे हे गेल्या महिन्यात कळलं, पालमच्या मुकादमाकडून. त्याच्या टोळीत तिची आई होती.

चूक माझी. ओळख पटावी म्हणून आधार, लग्नाचा दाखला, वसतिगृहाचा दाखला, सगळं क्रमाने फाईलला लावून बगलेत धरून नेलं. मामाने आधी फाईल पाहिली, मग भाचीला.

"बोला पाव्हणं, किती एकर लिहून आणलंय?"

मी म्हणालो तसं नाही.  रेखा म्हणाली, "मामा, मला जमीन नगं. पंचमीला बोलवा, बास." मामा उठून गोठ्याकडे गेला. मामीने चहा दिला. रेखाच्या तोंडाकडे सारखी बघत होती. मामेभाऊ बालाजीने फाट्यापर्यंत सोडलं. तिघे एका गाडीवर, फाईल माझ्या मांडीवर.

परभणी आली. रेखा एकदम म्हणाली, "त्यांच्या दारात लिंब हाय, बघितलाव का? झोका बांधायला फांदी चांगली हाय."

बुधवार, १६ जुलै

दळण घेऊन येणाऱ्या बायका रोज तेच. "पहिली पंचमी तुजी. मुराळी कोण यायलाय गं?" रेखा हसून म्हणते, बघू की.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला सुनेला न्यायला माहेरचा माणूस, मुराळी, येतोच. आमच्या ताईला आणायला दर साली मी जातो. कुणीच आलं नाही तर गल्लीतल्या सगळ्या सुना जातील आणि ही एकटी...

पालमचा गजानन माझा जुना दोस्त. त्याला भाऊ म्हणून बोलवावं, रेखा दोन दिवस त्याच्या आईकडे राहील, असं डोक्यात आलं. ती पीठ चाळत होती, तिला सांगितलं. चाळण थांबली.

"भाड्यानं भाऊ आणताव व्हय? गल्ली फसंल. मी कशी फसंन?"

 गजाननला फोन केला नाही हे बरं.

सोमवार, २१ जुलै

आईचं म्हणणं, रेखाने तिच्या आईच्या वाट्याच्या जमिनीची हक्कसोड मामाला लिहून द्यावी. "मी बी दिली की माज्या भावाला. सही केली, माहेर टिकलं. त्यात काय एवढं?"

मला पटलं. जेवताना रेखाला सांगितलं. ती म्हणाली, "सही दिल्यावर बोलवणार असतील तर ते सहीला बोलवायलेत. मला न्हाई." अर्धी भाकरी ताटात तशीच.

आई थोड्या वेळाने मला म्हणाली, "तू कामून बोललास जेवताना? मी तुला सांगितलं, तिला सांग म्हणलं का?" म्हटलीच होती. पण जाऊ दे.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

सकाळी रेखाचा फोन वाजला, नवा नंबर. गिरणी चालू, काही ऐकू येईना. मी गिरणी बंद केली. गिऱ्हाईक ओरडलं, "अर्धं दळण हापरात ठिवून कामून बंद केलाव?" मी हात जोडले.

मामी होती. मामाच्या नकळत शेतातून बोलत होती. इकडचं-तिकडचं काही नाही, पहिला प्रश्न, "दिंडं खातीस का गं?"

"खाते."

"तुजी माय पुरणात गूळ लय घालायची. मी नगं म्हणायची, ती घालायची. दर पंचमीला भांडण आमचं."

रेखा ज्वारीच्या पोत्यावर बसली. मामी किती तरी वेळ बोलली. बोलावणं मात्र दिलं नाही. "मामाचं बघते," एवढंच.

संध्याकाळपर्यंत रेखाने मला गुळाची गोष्ट तीनदा सांगितली. आपली आई काय खायची, हे तिला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. रात्रीच्या चहात साखर जास्त झाली. मी सगळा प्यायलो.

सोमवार, २८ जुलै. दुपारी १२ वा. २० मि.

उद्या पंचमी. गिरणी बंद राहील.

सकाळी साडेसातला बालाजीचा फोन. "दाजी, निघालोय. रेखाताईला म्हणावं तयार ऱ्हा. बापू अजून बोलंना, पर जाऊ नगं बी म्हणंना. आन् तुमी माघारी न्यायला याल तवा फाईल घरी ठिवून या." बापू म्हणजे मामा. मला दाजी म्हणाला.

आईने रेखाला विचारलं, "उपास सोमवारचा का भावाचा?"

"दोन्ही. एकाच उपासात."

"लबाड हायस." मग आई स्वतः उठून तिला बांगड्या भरायला घेऊन गेली.

वसतिगृहातही रेखा दर साली नागचतुर्थीला, पंचमीच्या आदल्या दिवशी, भावाचा उपास धरायची. कुणासाठी, म्हणून मुली विचारायच्या. ही सांगायची, असंल की कुठं तरी.

बालाजी अकरापर्यंत यायला पाहिजे होता. फोन लागत नाही. परभणीच्या दोन गाड्या आल्या, दोन्हींत नव्हता. मामाने वाटेतून परत बोलावलं असेल का? मी बॅग उघडून पुन्हा तपासली तर रेखा ओरडली, "घडी मोडू नका. यील की. निघालोय म्हणलाय ना?" दुसऱ्यांदा वेणी घालते आहे.

तिसरी गाडी एकची. मी फाट्यावर जातो. त्याआधी हिशोब.

बांगड्या ८० रु. साबुदाणा ४० रु. मामीसाठी खण ६० रु. एकूण १८०.
देणे: पट्ट्याचे ४०० रु., दुकानात.
रेखाचं सोनपेठचं अर्धं तिकीट: धरलेलं नाही. ते न्यायला येणारा माणूस काढतो.