निकाली निघालेलं अपील

बाबा, तुमच्या खटल्यातला शेवटचा कागद आज पुन्हा वाचला. अपिलात ठरवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, म्हणून ते निकाली काढण्यात येत आहे. एवढंच. आठ वर्षांत कोर्टाला एवढंच सुचलं.

गल्लीमागची मोकळी जागा शहराच्या नकाशात विणकरांसाठी सोडलेली होती. गल्लीत माग आता आपलाच उरला होता; तिथे आपण ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरून त्याला भाताची खळ लावायचो. एका व्यापाऱ्यानं तिथे गोदामाचे खड्डे खणले, तुम्ही कोर्टात गेलात, बांधकामाला मनाई मिळाली. त्यानं तरी भिंती उभारल्या. कोर्टानं त्याला अवमानाबद्दल दोषी ठरवलं, तो अपिलात गेला, शिक्षा थांबली. बांधकाम थांबलं नाही.

मनाईचा हुकूम इंग्रजीत होता. तुम्ही मागावर बसला आहात, मी उंबऱ्यात उभी. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला लागून मला दोनच महिने झालेत. "वाच वं," तुम्ही म्हणता. मी वाचते आणि ठासून सांगते, व्यापाऱ्यानं आणि तुम्ही, दोघांनीही त्या जागेत पाय ठेवायचा नाही. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ताणा खांद्यावर टाकून उमरेड रस्त्याच्या कडेला नेता. ट्रकची धूळ ओल्या सुतावर बसते, सूत तुटतं. शेजारचे काका हसतात, "गुन्हा त्याचा, अन् शिक्षा तू काहून भोगून राहिला गा?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "हुकूम हाये. पोरीनं वाचला."

पुढे पाहणीला आलेल्या पालिकेच्या कारकुनानं लिहिलं, विणकर ही जागा वापरत नाहीत. त्यावरून ती व्यापारी वापरासाठी मंजूर झाली. मूळ दावा संपला, आणि दावाच संपल्यावर अवमानाचं अपील कशाला चालवायचं? वकिलांनी तुम्हाला हे समजावलं. तुम्ही एकच विचारलंत, "मंग त्यानं हुकूम मोडला का नाही मोडला?"

"तो प्रश्न आता उरला नाही."

"तुमचा नसंन उरला. माहा उरला हाये."

यानं हुकूम मोडला, ही एक ओळ लिहायला त्यांचं काय जात होतं? आणि तुमचाही राग येतो. माझा शब्द इतका का मानलात? कागद दुसऱ्या कोणाला दाखवला का नाहीत? तुम्ही नाही आहात, म्हणून हे लिहिता तरी येतं.

मनाई फक्त त्याला होती. पुढच्या वर्षी तो कागद पुन्हा वाचला तेव्हा कळलं. पाहणी अजून व्हायची होती. पण पोरगी कोर्टाचे हुकूम वाचते, असं तुम्ही गल्लीभर सांगत होता. मी गप्प राहिले.

अपील निकाली निघालं त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. मी जेवले. तो हुकूम आता कोणी उघडून वाचणार नाही, म्हणून मला हायसं वाटलं होतं.