चाळीस दिवसांचा नियम

आबा, आपल्या शाळेची स्मरणिका निघायची आहे. नव्या फादरांनी निरोप धाडला, की गुरुजींविषयी दोन पानं तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं जवळून त्यांना दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. काल ती लिहून दिली. त्यात तुमची घंटा आहे, कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपासून ती मुकी ठेवायची म्हणून तुम्ही दोन फळ्या एकमेकींवर आपटत बोर्डिंगला चक्कर मारायचात, तेही आहे. नाताळचा गोठा आहे. आपल्याकडं गवत कुठलं, म्हणून उसाच्या पाचटानं शाकारलेला. बाळयेशूच्या अंगावर पाचटाची कुसं पडतात म्हणून तुम्ही रोज सकाळी वाकून गव्हाणीवर फुंकर मारायचात. झावळ्यांच्या रविवारसाठी ओढ्याकाठची शिंदी तोडताना हाताला काटे लागायचे, ते सुईनं आई काढायची, तेवढं आईविषयीही घातलं. फादरांनी वाचून छान उतरलंय म्हटलं. मी घरी आले, भाजी निवडायला बसले आणि माझ्या लक्षात आलं, की सांगायचं होतं ते राहिलंच. ते स्मरणिकेत बसणारं नाही. ते तुमचं आणि माझं आहे.

चर्चचा नियम शुक्रवारचा. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही, एवढाच. पण आपल्या घरात राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली, की आई मटणाचं पातेलं घासून फळीवर पालथं घालायची, ते थेट ईस्टरला उतरायचं. चाळीस दिवसांचा नियम तुमचा होता. तो तुम्हाला कुणी घालून दिला नव्हता. शाळेतल्या इतर बाया म्हणायच्या, गुरुजींच्या घरात फादरांपेक्षा कडक. आई हसायची नि म्हणायची, फादरांना कुठं लेकरं हाईत, सोप्पं जातंय त्यांना.

मी सहावीत होते तेव्हाचं सांगते. उंब्रजकडची एक मैत्रीण माझ्या शेजारी बसायची. उपवासकाळातच तिच्या गावची यात्रा होती, रविवारी मला घेऊन गेली. तिच्या घरी अंगणात पंगत बसलेली, मोठी चूल पेटलेली, आणि तिच्या आजीनं मला विचारलंसुद्धा नाही, समोर मटणाचं ताट सरकवलं. मी खाल्लं, आबा. सोमवारी तुम्ही वर्गात विचारलं, काल कोण कुठं गेलं होतं. ती उठली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "गुर्जी, ही आमच्यात आलती. दोन ताटं रस्सा वरपला हिनं, आजी म्हनली, मास्तराची पोरगी जेवायला लय भारी हाय." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू ठेवला आणि पुढचा धडा काढायला सांगितला.

त्या वर्षी गुड फ्रायडेला क्रुसाची वाट, येशू क्रूस वाहून नेतो तो प्रसंग, शाळेच्या मैदानावर मुलंच करून दाखवणार होती. मी वेरोनिका होते. रुमालानं येशूचा घाम पुसायचा, एवढंच काम, एक वाक्य नाही त्यात. आईनं जुन्या पातळाचा पदर फाडून रुमाल शिवला होता, कडेला दोरा भरला होता. शाळा सुटल्यावर तुम्ही मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की वेरोनिका दुसरी मुलगी होईल. मी विचारलं, का. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कुणाच्या मुलीनं खाल्लं असतं तर मी बोललो नसतो. माझ्या घरातला नियम माझ्याच मुलीनं मोडला, तर मी या पोरांना काय तोंडानं शिकवू?" घरी आई तुमच्याशी भांडली. लेकरू हाय, पाहुण्याच्या ताटावरून कसं उठल ती, असं म्हणाली. तुम्ही बधला नाहीत. मी मैदानाच्या कडेला उभी राहून बघितलं, दुसरीनं माझा रुमाल घेऊन येशूचं तोंड पुसलं. येशू झालेला मुलगा नववीतला होता, त्याला खरंच घाम आला होता.

यात्रेचा तो दिवस रविवार होता. रविवार त्या चाळीस दिवसांत धरतच नाहीत, हे मला पुढं कळलं, तुम्हीच शिकवलंत. म्हणजे मी चर्चचा नियम मोडला नव्हता आणि तुमचाही धड मोडला नव्हता. मोठी झाल्यावर ही गोष्ट तुमच्यासमोर कधीतरी काढायची, असं मी ठरवून ठेवलं होतं. मॅट्रिक झाले, लग्न होऊन आष्ट्याला आले, मुलं झाली. तुमचा नियम मीही इथं लावला. आमचे हे कुरकुरायचे, मुलं रुसायची. सासूबाई म्हणायच्या, सून न्हाई आनली, सिस्टर आनली. नियम मी पाळला तो देवासाठी, असं मला वाटायचं. थोडा तुम्हाला दाखवायलाही होता.

मग आई गेली आणि तुम्ही इकडं आलात. पहिलं वर्ष बरं गेलं. मुलांचा अभ्यास घ्यायचात, संध्याकाळी जपमाळ म्हणताना त्यांची जीभ कुठं घसरते ते बरोबर पकडायचात. दुसऱ्या वर्षी नाताळानंतर छातीत कफ धरला आणि तुम्ही खाटेला खिळलात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता खातील ते द्या, पथ्य काही नाही. तुम्ही काहीच खात नव्हता. भाताची पेज दोन घोट, की मान फिरवायचात. उपवासकाळ लागला, फादर सांगलीहून येऊन तुमच्या कपाळाला राख लावून गेले. एका सकाळी पेज भरवताना तुम्ही म्हणालात, "तुझी आई रविवारी रस्सा करायची. खोबरं पार काळं होईस्तवर भाजायची." एवढंच. मी वाटी पुसत म्हटलं, ईस्टरला करते, आबा, तसाच करते. तीन आठवडे राहिलेत. तुम्ही म्हणालात, बघू.

तुमचं ते मागणं होतं. तुम्ही आयुष्यात असंच मागितलंत, आईच्या नावानं, आडून. मला ते कळलं नाही असं नाही.

त्यानंतर आठवडाभरातच तो गुरुवार आला. माझ्या हिशेबाच्या वहीत त्या दिवशी दूध आणि रॉकेल एवढंच लिहिलेलं आहे, बाकी काही लिहिलेलं नाही. शेजारच्या काकी माहेरच्या यात्रेहून सकाळच्या गाडीनं आल्या आणि सरळ आपल्या स्वयंपाकघरात शिरल्या. हातात पितळी डबा, फडक्यात बांधलेला. काकींना तुमच्याविषयी फार वाटायचं, त्यांच्या नातवाला तुम्ही पाढे शिकवले होते. म्हणाल्या, "गुर्जींसाठी रस्सा आनलाय. मुद्दाम येगळा काढला, तिखट घातलं न्हाई, नुसतं पानी हाय वरलं. भात कुस्करून द्या." मी म्हटलं, काकी, आमचा उपवासकाळ आहे, घरात चालत नाही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी अजून विसरले नाही. म्हणाल्या, "तुमचा उपास तुमच्यापाशी ठेवा. म्हाताऱ्याला कसला उपास? आमच्यात बी दुखनाइताला एकादस सुटती. तुमचा देव काय आमच्या इठोबापरीस कडू हाय व्हय?" मी हसले नाही. मी म्हटलं, "आमच्यात तसं नसतं, काकी." त्या डबा ओट्यावर ठेवून गेल्या.

दार उघडं आहे. तुमची खाट मला ओट्यापासून दिसते आहे. तुम्ही डोळे मिटून पडला आहात आणि मग डोळे उघडता. म्हणता, "कुठली यात्रा?" मी काकींच्या माहेरचं नाव सांगते. तुम्ही म्हणता, "खोबरं चांगलं भाजलंय." मी डाळ निवडते आहे. मी म्हणते, "अजून उपवासकाळ आहे, आबा." तुम्ही आढ्याकडं बघता. मला वाटतं, आता तुम्ही म्हणाल. आणि तुम्ही म्हणता, "व्हय. नियम हाय." तुम्ही शाळेत कधी असं बोलत नव्हता, घरी आईशी तेवढं बोलायचात, व्हय नि हाय. मग तुम्ही भिंतीकडं कूस करता.

दुपारी बोळ झाडायला बाई यायची, तिला मी तो रस्सा भाकरीबरोबर दिला. अन्न वाया गेलं नाही, असं मनाला सांगितलं. डबा राखेनं घासून काकींना परत केला. त्यांनी विचारलं, खाल्लं का गुर्जींनी. मी हो म्हटलं.

झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मंगळवारी माती दिली. शाळेची मुलं एक टेम्पो करून आली होती, आता बाप्ये झालेली मुलं, रडत होती. पाच दिवसांनी ईस्टर आला, त्या दिवशी घरात वरणभात झाला. कुणी काही मागितलं नाही.

पुढं महिनाभरानं मी एस.टी.नं सांगलीला गेले आणि पापनिवेदनाला बसले. फादरांना सगळं सांगितलं, डबा, काकी, तुम्ही भिंतीकडं कूस केलीत ते. फादर म्हणाले, बाई, आजाऱ्याला उपास नसतोच, तो लहान मुलांना नाही, म्हाताऱ्यांना नाही, गरोदर बाईला नाही. हे तुमच्या वडिलांनी कितीजणांना शिकवलं असेल. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं, फादर. ते म्हणाले, मग ते पाप नाही, भक्तीपोटी झालेली चूक आहे, स्वतःला त्रास करून घेऊ नका. एक जपमाळ म्हणायला सांगितली. मी ती परतीच्या गाडीत म्हटली, आष्टा यायच्या आत संपली.

मला माहीत होतं, आबा. चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या, पहिल्या कम्युनियनच्या तयारीला तुम्ही हे प्रश्नोत्तर पाठ करून घेतलं होतं, आणि मी ते न अडखळता म्हटलं म्हणून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. उपास कोणाला नाही? मुलं, वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया, कष्टाची कामं करणारे. ओट्यापाशी उभी असताना ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तुम्हालाही आठवत असणार. तुम्ही एकदा तोंडानं म्हणाला असता, की पोरी, मला चालतं, तर मी भात कुस्करून तुम्हाला भरवला असता. तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी विचारलं नाही. सूड म्हणावा एवढं ते मोठं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं, की नियम माणसासाठी वाकतो हे तुमच्या तोंडून एकदा यावं. ते आलं असतं तर मला वाटलं असतं, की माझ्यासाठीही तो वाकायला हवा होता. सहावीतल्या मुलीनं धरलेला हट्ट मी चाळिशीला आलेल्या बाईच्या हातानं पुरा केला, तोही अंथरुणात पडलेल्या माणसावर. आणि तुम्ही तरी काय केलंत? तुम्ही माझ्या घरात माझा मान राखलात. लेक नियम पाळते आहे, तिला खोटं पाडायचं नाही, असं तुम्ही ठरवलं असणार. मला हे फार उशिरा सुचलं. मीच सून आणल्यावर, तिच्या स्वयंपाकात तिला टोकायचं नाही असं मनाशी ठरवल्यावर.

आता मी चर्चच्या वतीनं आजारी माणसांकडं जाते तेव्हा पहिलं विचारते, काय खावंसं वाटतंय. उपवासकाळातही विचारते, मुद्दाम. दोघीतिघींना मटणाचा रस्सा नेऊन दिलाय, सिस्टरांनी बघितलं तर बघू दे. त्यानं तुमचं काही भरून येत नाही, ते मला ठाऊक आहे. पापनिवेदनालाही मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी बाकीचं सगळं सांगते. हे सांगायला जीभ उचलत नाही, कारण आधी त्या वेळी खोटं बोलले ते सांगावं लागेल, आणि ते फादरही आता राहिले नाहीत.

ही पानं मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या कबरीवर ठेवायची म्हटलं तर तिथं वारा फार. एकच राहिलं, ते लिहून उठते, कुकर लावायचा आहे. तुम्हाला वाटलं असेल, काकींनी डबा नीट लावला नव्हता, म्हणून वास तुमच्यापर्यंत आला. काकींनी डबा घट्ट लावून वर फडकं बांधलं होतं. त्या गेल्यावर गाठ मी सोडली, झाकणही मीच काढलं आणि डबा तुमच्या दाराच्या बाजूला सरकवून ठेवला.